फुटलेलं मत

"बाई, बेल उचललेला असला तर?"

गजानं असं विचारलं तेव्हा धायगुडे बाई खोक्याला वरून चीर पाडत होत्या. चहाच्या पुड्यांचं मोठं खोकं, दुकानातून मागून आणलेलं. नकाशांचं कपाट त्यांनी कोपऱ्यात तिरकं ओढून घेतलं होतं, त्याच्या आड एक बाक. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. नागरिकशास्त्राचा धडा नुसता वाचण्यापेक्षा एकदा करूनच बघू, असं बाईंचं म्हणणं. सातवीची सहल औदुंबरला न्यायची की सागरेश्वरला, यावर आमचं मतदान होतं.

"कसला बेल?" बाईंनी विचारलं. त्या साताऱ्याच्या. आमच्या शाळेत येऊन त्यांना वर्ष झालं नव्हतं.

"बिरुबाचा, बाई. बेल-भंडारा. माझ्या बानं काल उचलला. पतंगाला द्यायचं म्हणून."

"आमच्या पण."

"माझ्या चुलत्यानं पण."

विचारलं नसताना हात वर झाले. मीही केला. बाईंनी हातांकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

"आणि उचलल्यावर काय?"

"मग दुसऱ्याला देता येत न्हाई," गजा म्हणाला. "दिलं तर घरातली पोरं मरत्यात."

सहाचा पाढा म्हणावा तसं त्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही.

बाईंनी चीर पाडलेलं खोकं टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "सहलीसाठी कुणी काही उचललंय का?"

"न्हाई बाई!"

"मग रांग लावा."

आम्ही एकेक करून कपाटाआड गेलो. तिथं शाईत बुडवलेलं बाटलीचं बूच होतं. ते चिठ्ठीवर उमटवायचं, चिठ्ठी दुमडायची, खोक्यात टाकायची. आत गेल्यावर मला काय वाटलं ते आठवतं. काही नाही वाटलं, फक्त शांत वाटलं. वर्गातला गलका ऐकू येत होता, पण मला कुणी बघत नव्हतं.

नंतर बाईंनी फळ्यावर एक शपथ लिहिली आणि पाठ करून घेतली. 'मी माझं मत कुणाच्या भीतीनं देणार नाही. कुणाच्या सांगण्यावरून देणार नाही. दिलेलं मत कुणाला सांगणार नाही आणि दुसऱ्याचं मत कुणाला विचारणार नाही.' घरी जेवताना ही म्हणायची आणि घरच्यांकडूनही म्हणवून घ्यायची, एवढाच अभ्यास होता.

बेल आमच्या घरीही उचललेला होता. गावचे पुढारी आणि देवळाचे मानकरी मुरलीधर तात्या, त्यांची माणसं ताट घेऊन दारोदार फिरली होती. ताटात बेलाचं पान, भंडाऱ्याची मूठ आणि देवळातला बिरोबाचा टाक. घरच्या कर्त्यानं पान डोक्याला लावायचं, भंडारा कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, या घरातली मतं पतंगाची, मोडली तर लेकराबाळांवर. पतंग हे तात्यांच्या माणसाचं चिन्ह. समोर कपबशी घेऊन उभी होती शेवंतामावशी. तिच्या भावकीची दोन घरं तेवढी ताटानं वगळली. आमच्या वॉर्डातल्या बाकी सगळ्या उंबऱ्यांवर भंडारा सांडला होता.

शेवंतामावशी ही आईची मैत्रीण. दोघी एका गावच्या, एकाच मांडवात लग्न होऊन आलेल्या. माझा धाकटा भाऊ दत्ता जन्मला तेव्हा माझे वडील, आबा, आमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा आणायला सांगलीला गेले होते आणि ओढ्याला पाणी होतं. सुईण पलीकडच्या काठावर अडकली. दत्ताची नाळ शेवंतामावशीनं कापली. निवडणुकीला ती उभी राहिली ती मात्र पाण्यावरून. गावच्या आडाला लागून तात्यांचा गोठा होता. पावसाळ्यात गोठ्यातलं पाणी आडात झिरपायचं. गोठा हलवा किंवा आड तरी बांधून घ्या, एवढंच ती दोन वर्षं म्हणत होती. मग म्हणून म्हणून कंटाळली आणि अर्ज भरला.

जेवायला बसल्यावर मी शपथ म्हणून दाखवली.

आईनं भाकरी थापता थापता ओळीनं माझ्यामागून म्हटली. तिला मजा वाटत होती. "दिलेलं मत कुणाला सांगणार न्हाई," असं म्हणून तिनं विचारलं, "नवऱ्यालाबी न्हाई?"

"न्हाई. बाई म्हणाल्या, नवऱ्याला पण नाही आणि बायकोला पण नाही."

"ऐकलं का?" आई आबांकडे बघून हसली. "तुमच्या बेलाचं काय आता?"

आबा जेवत होते. त्यांनी शपथ म्हटली नाही. घास गिळून म्हणाले, "आत कोण असतंय बघायला?"

"कुणी न्हाई. आपण एकटंच."

"देव?"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच विचारलं. बाई म्हणाल्या, "मतदार यादीत नाव असलेल्यालाच आत सोडतात. देवाचं नाव असतं का यादीत?" सगळे खदखदून हसले. मी घरी जेवताना सांगितलं. आबाही हसले, पण थोडंच. तांब्यातलं पाणी प्याले आणि हात धुवायला उठले.

"अहो, बेल तुम्ही उचललाय," आई त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली. ती आता हसत नव्हती. "माझ्या पोरांवर उचललाय. मला इचारलं पण न्हाई."

"दारात माणसं उभी हुती. काय करतो?"

"आन् शेवंता?"

"शेवंता बोलती ते काय खोटं न्हाई," आबा बाहेरून म्हणाले. "पर बेल हाय मधी."

मतदानाच्या आदल्या दिवशी शेवंतामावशी आमच्या दारासमोरून पाण्याला गेली. नेहमी थांबायची. त्या दिवशी घागर कमरेवर सावरत नुसतं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिरे, मी काय मागणार न्हाई." आई दारात उभी होती. दत्ता तिच्या कडेवर होता. तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. मावशी पुढं गेली.

मतदान आमच्याच शाळेत झालं. आई आणि आबा बरोबर गेले, बरोबर आले. आबा वाटेवरूनच गिरणीकडे वळले. आईनं चुलीतली राख घेऊन बोटावरची शाई घासली, ती निघाली नाही.

शेवंतामावशी पडली. तात्यांची माणसं गुलाल उधळत आमच्या गल्लीतूनही गेली. पण संध्याकाळी देवळाच्या पारावर तात्या बसले तेव्हा त्यांच्या कपाळावरचा गुलाल पुसलेला होता.

"आपला माणूस निवडून आला, त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पण कपबशीला दोन घरांच्या मतांवर एक मत जास्त पडलंय. एक मत फुटलं."

त्यांनी पारावरच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी कुणाला इचारणार न्हाई. ज्याच्या नावानं बेल उचललाय त्यो इचारंल. ज्यानं मोडला त्याच्या दारात दिसंल."

गजानं हे मला शाळेत जसंच्या तसं सांगितलं, तात्यांच्या आवाजात. आम्ही सगळे मग एकमेकांच्या घरांची नावं घेऊन बघायला लागलो. बाईंनी ऐकलं आणि फळ्यावरची शपथ परत एकदा म्हणायला लावली. आम्ही म्हटली.

त्यानंतर दत्ताला ताप आला. पहिल्यांदा साधाच वाटला. मग उतरेचना. तो डोळे उघडेना, पेज तोंडात टिकेना. शेजारची हौसाआजी आली, त्याच्या पोटावर हात ठेवून बसली आणि जाताना उंबऱ्यावरचा जुना भंडारा बोटानं उचलून बघून गेली. त्यानंतर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी औषध विचारलं नाही. आत यायचे, पोराकडे बघायचे, मग आईकडे बघायचे. शेवंताची मैत्रीण कोण, हे गावाला ठाऊक होतं.

गिरणीत दळणं येईनाशी झाली. बायका पाट्या डोक्यावर घेऊन ओढ्यापलीकडच्या गिरणीला जाताना मी पाहिल्या. आबा गिरणी झाडायचे, पट्ट्याला मेण लावायचे आणि बसायचे.

धायगुडे बाई स्वतः तालुक्याला गेल्या आणि एका डॉक्टरला मोटारसायकलवरून घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, घाण पाण्यानं आला असणार. पाणी उकळून द्या, या गोळ्या एकही न चुकवता द्या, पोरगं वाचेल. ते गेल्यावर बाई तिथंच बसून राहिल्या.

आई म्हणाली, "बाई, मी रविवारी देवळात जाते. बेल मी मोडला म्हणून सांगते."

"कशाला?" बाईंचा आवाज चढला. "तुम्ही मत कुणाला दिलं हे विचारायचा अधिकार कुणालाच नाही. तात्यांना नाही, मला नाही. डॉक्टरांनी आत्ता सांगितलं, पाण्यानं ताप आलाय. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मग?"

"पाण्यानं आला असंल. पर पोरगं गेलं तर गाव म्हणंल बेलानं गेलं. राहिलं तरी म्हणंल, अजून फेडायचं हाय. ही पोरगी हाय, दळण हाय. कुणीतरी सांगितल्याबगर सुटायचं न्हाई हे."

"पण ताई, तुम्ही मत..."

"खरं का खोटं, हे आत कुणी बघितलंय?" आई म्हणाली. "मी मोडला म्हटलं की मी मोडला."

आबा दाराशी बसले होते. गिरणीच्या पट्ट्याचा तुटका तुकडा त्यांच्या हातात होता, तो ते बोटांना गुंडाळत होते आणि सोडत होते. आई त्यांच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. त्यांनी वर पाहिलं नाही.

"गडीमाणसानं मोडला तर भावकी वाळीत टाकती, पाणीबी देत न्हाई," आई मग बाईंना म्हणाली, कसलीतरी साधी माहिती द्यावी तशी. "बाईमाणसाचं काय, तिला अक्कल नसतीच."

बाई उठल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "मी ते बघायला येणार नाही. पोराजवळ मी बसते. तुम्ही जाऊन या."

रविवारी सकाळी त्या खरंच येऊन बसल्या. ओल्या फडक्याची घडी दत्ताच्या कपाळावर ठेवताना मी त्यांना पाहिलं आणि आईच्या मागून निघाले.

देवळापुढं सगळा वॉर्ड होता. आईनं नाकातली चमकी काढून माझ्या हातात दिली. मग पहिल्या पायरीशी गुडघ्यावर बसली, नाक दगडाला टेकवलं, घासलं, आणि पुढच्या पायरीवर चढली. पायऱ्या दगडाच्या, टाकीचे घाव असलेल्या. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचली तेव्हा तिचं नाक सोललं होतं आणि पदरावर भंडाऱ्याशेजारी लाल ठिपके पडले होते. मी चमकी मुठीत घट्ट धरली होती. तिचा मळसूत्राचा दांडा तळहाताला टोचत होता, एवढंच मला कळत होतं.

तात्या गाभाऱ्याच्या दाराशी उभे होते.

"बोल."

"बेल मी मोडला."

"मत कुणाला टाकलंस?"

"शेवंताला."

गर्दीत हालचाल झाली. तात्यांनी हात वर केला.

"नवऱ्याला ठावं हुतं?"

"न्हाई."

तात्या आबांकडे वळले. आबा नंदीजवळ उभे होते. टोपी दोन्ही हातांत धरलेली.

"खरं का रं? बेल तू उचललास. तुला ठावं नव्हतं?"

आबांचे ओठ हलले. मग म्हणाले, "न्हाई."

तात्यांनी मूठभर भंडारा आईच्या डोक्यावर उधळला, नारळ फोडला आणि म्हणाले, "झालं. आता देवाचं आन् हिचं. कुणी बोलायचं न्हाई." ते काही वाईट सुरात म्हणाले नाहीत. लग्नात अक्षता पडल्यावर म्हणावं तसं म्हणाले. लोक खोबरं घेऊन आपापल्या घरी गेले. शेवंतामावशी गर्दीतून पुढं आली, आईच्या दोन्ही दंडांना धरून तिला उठवलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. "माझ्यापायी," एवढंच म्हणत होती. आई तिची पाठ थोपटत होती. रडणारी ती आणि समजूत घालणारी आई. बघणाऱ्याला उलटंच वाटलं असतं.

घरी आलो. बाईंनी आईच्या नाकाकडे पाहिलं आणि पिशवीतून हळदीची पुडी काढली. त्यांनी ती आधीच आणून ठेवली होती.

दत्ता हळूहळू बरा झाला. गाव म्हणालं बिरोबानं सोडलं. बाई म्हणाल्या गोळ्यांनी सोडलं. आईनं दोघांनाही हो म्हटलं. गिरणीत पाट्या परत आल्या. उन्हाळ्यात धायगुडे बाईंनी बदली मागून घेतली. जाताना मला त्यांनी एक शाईची दौत दिली. मतदानाचं काही बोलल्या नाहीत. सहल औदुंबरला गेली होती, मी गेले नव्हते.

आमच्या घरात एकच गोष्ट बदलली. त्या रविवारनंतर आडाचं पाणी आबा आणायला लागले. रोज पहाटे, दोन घागरी, खांद्यावर कावड करून. आणलेलं सगळं पाणी ते स्वतः उकळायचे. गडीमाणूस बायकांच्या रांगेत, म्हणून लोकांनी थोडे दिवस चेष्टा केली. "काय हो गिरणीवाले, बायकोनं टाकलं काय?" आबा हसायचे. गुडघे जाईपर्यंत त्यांनी पाणी भरलं. आणि देवळात ते परत गेले नाहीत. रविवारी भंडारा लावायला आई जायची, आबा गिरणीला तेल घालायचे. मला वाटायचं, बायकोचा अपमान झाला म्हणून त्यांनी देव सोडला.

गेल्या माघात आबा गेले. मी मिरजेहून आले आणि दिवस होईपर्यंत राहिले. दत्ता सगळ्या पाहुण्यांचं बघत होता. आता तो चांगला आडवातिडवा गडी आहे, त्याला त्या तापातलं काही आठवत नाही.

घरात चूल पेटायची नव्हती. शेवंतामावशी रोज पिठलं-भाकरी घेऊन यायची. तीही वाकली होती, काठी घेऊन चालायची, पण डबा कुणाला धरू द्यायची नाही. दहाव्याच्या दुपारी आईला दोन घास भरवून ती निघाली आणि दारात थांबली.

"इंदे, तुझ्या आईसारखी बाई गावात न्हाई," ती मला म्हणाली. "त्या टायमाला सगळ्या गावानं बेल उचलला. माझी सख्खी नणंद फिरली. आन् हिनं पोटच्या पोरावरचा बेल मोडला, माझ्यापायी." मग आईकडे वळून, "हिरे, तुझं ते मत अजून माझ्या पदरात हाय बघ."

आईनं मान हलवली. मावशीची काठी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली.

मी भांडी विसळायला घेतली. आई भिंतीला टेकून बसली होती. समोर खुंटीला आबांची टोपी होती, कुणी काढली नव्हती.

"मी न्हवतं दिलं तिला," आई म्हणाली.

मला वाटलं ती भाकरीबद्दल बोलते आहे. "काय?"

"मत. मी पतंगालाच मारला शिक्का. आत गेले, कपबशी बघितली, शेवंताचं तोंड दिसलं. आन् दत्ताचं दिसलं. पतंगालाच मारला." ती टोपीकडे बघत होती. "तुझी ती शपत सगळी पाठ हुती मला. तरी न्हाई झालं."

नळाचं पाणी भांड्यावर पडत होतं. मी तो बंद केला.

"मग ते जास्तीचं मत कुणाचं?"

आई टोपीकडेच बघत राहिली.

"कुणाचंही असेल," मी म्हणाले. "सगळ्या वॉर्डानं बेल उचलला होता. दुसऱ्याच कुणीतरी मोडला असेल आणि तू उगाच..."

"दुसऱ्या कुणी मोडला असता तर मी कशाला नाक घासलं असतं?"

तिनं पायावरचा पदर सारखा केला.

"आपल्या घरात मतं किती हुती, इंदे?"

मला आबांचे हात दिसले. टोपी धरलेले. पहाटे घागरी धरलेले.

"तुला कधी कळलं?"

"मतदानाहून येतानाच. गिरणीकडं वळताना माझ्याकडं बघितलं न्हाई त्यांनी."

"ते काही बोलले? नंतर कधी?"

"न्हाई."

"एवढ्या वर्षांत? तू तरी विचारायचं होतंस ना, आई. एकदा तरी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर तो पांढरा व्रण अजून होता. चमकी तिनं परत कधी घातली नव्हती.

"इचारायचं नसतं," ती म्हणाली. "तूच शिकवलंस की."